सहा बाटल्या आणि एक रोहू

“हिला बोलता येतं ना?”

हा प्रश्न बापूकाकांनी स्वयंपाकघरात, आवाज दाबून विचारला होता. पण पन्नास वर्षं ट्रामच्या खडखडाटावरून बोलत आलेल्या माणसाचा दाबलेला आवाजही बाहेरच्या खोलीत नीट ऐकू येतो. मी तिथेच वेताच्या खुर्चीत पाय जवळ घेऊन बसले होते.

“येतं हो,” नलूमावशी म्हणाली. “इंग्रजी शाळेतली आहे. विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं शिकवतात तिथे.”

“चार वेळा विचारलं की मी! चहा खातेस का, चहा खातेस का. नुसती बघत राहिली.”

बघत राहिले होते हे खरं. चहा कसा खायचा याचा विचार करत होते. कलकत्त्यात चहा, पाणी आणि सिगारेट या तिन्ही वस्तू खातात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. बापूकाकांच्या आजोबांनी इथे बिऱ्हाड केलं. तीन पिढ्यांत घरातलं मराठी टिकलं, पण त्यातली काही क्रियापदं बंगाल्यांनी नेली. नलूमावशी माझ्या आईची पुण्यातली शाळासोबतीण. लग्न करून भवानीपूरच्या या घरात आली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी ती अजून सदाशिव पेठेतच राहते. मासे शिजवायची शेगडी तिने मागच्या गॅलरीत काढली आहे. तिथे रविवारी काका स्वतः पदर, म्हणजे पंचा, खोचून उभे राहतात. मावशी दार लावून घेते.

कलकत्त्याला कशासाठी गेले होते, असं मला आल्यापासून सगळे विचारतात. कालीचं दर्शन, संदेशची मिठाई, तांताच्या सुती साड्या, यांपैकी काहीतरी उत्तर त्यांना हवं असतं. मी गेले होते सांडपाणी बघायला.

मुंबईत मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे खाडीचं आणि किनाऱ्यालगतच्या समुद्राचं पाणी तपासतात. शहराचं सांडपाणी त्यात जातं. त्या सांडपाण्यात अमोनियाच्या रूपात नत्र असतं, शेतकरी पिकाला विकत आणून घालतो तेच. समुद्रात ते फुकट मिळतं म्हणून शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतं. मग मासे पोट वर करून किनाऱ्याला लागतात. आमच्या साहेबांच्या कानावर आलं होतं की कलकत्त्याच्या पूर्वेला हेच पाणी आधी माशांच्या तळ्यांतून फिरवतात, आणि समुद्राकडे जाईपर्यंत त्यातलं नत्र बरंचसं उतरलेलं असतं. साहेबांचा विश्वास नव्हता. तरी नमुने आणून बघू म्हणाले. जायचं होतं देशमुखांना. तिकीट निघालं आणि देशमुखांना गालगुंड झाले.

“तुम्ही जा, मिस कर्णिक,” साहेब म्हणाले. “बघा जमलं तर. नाही जमलं तर मुलींना फील्डवर पाठवायचं की नाही हा प्रश्न एकदाचा मिटेल.”

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. अगदी मायेने म्हणाले. प्रयोगशाळेत माझ्याखेरीज दोन मुली आहेत. आम्ही तिघी काचेची भांडी धुतो, नोंदवही भरतो आणि पुरुषांनी आणलेलं पाणी तपासतो. मी निघाले तेव्हा त्या दोघींनी मला शुभेच्छाही दिल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, बारावा खेळाडू फलंदाजीला जाणाऱ्याकडे बघतो तसं.

शहर बघण्याचा दिवस

पहिला दिवस काकांनी मला शहर दाखवण्यात घालवला. जानेवारी होता. मुंबईच्या माणसाला छान वाटावं इतपत गारवा. काकांनी माकडटोपी, मफलर, स्वेटर आणि त्यावर शाल अशी तयारी केली आणि माझ्या बाहीविरहित ब्लाउजकडे पाहून मावशीला म्हणाले, “हिला न्यूमोनिया होणार. आईला काय तोंड दाखवशील?” ट्राममध्ये बघते तो सगळ्या पुरुषांची नुसती नाकं आणि डोळे बाहेर. एखाद्या कटाला निघाल्यासारखे सगळे गंभीर.

मैदानाच्या कडेने जाताना काकांनी फोर्ट विल्यम दाखवला. मला काही दिसेना. झाडं होती, गवत होतं, लांबवर एक हिरवा चढ होता.

“किल्ला कुठाय?”

“तोच. आत लष्कर आहे. जाता येत नाही.”

आपल्याकडे किल्ला म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट. घाम गाळत चढावं आणि वर जाऊन पिठलं-भाकरी खावी. मैदानावर झोपलेल्या किल्ल्याला किल्ला म्हणायला माझी जीभ वळेना. अर्थात मी हे बोलले नाही.

सियालदह स्टेशनावर मात्र मी थक्क झाले. गाडीतून माणसं उतरत नाहीत, ओतली जातात. त्या लोंढ्यातून काका मला जवळच्या घाऊक मासळीबाजारात घेऊन गेले. तिथे त्यांची चाल बदलली. देवळात शिरल्यावर माणूस होतो तसे ते हळू, नम्र झाले. एका कटला माशाचा कल्ला त्यांनी करंगळीने उचलला, आतला लाल रंग पाहिला आणि डोळे मिटले.

“विकत घ्यायचाय?” मी विचारलं. माझं त्या दिवसातलं हे दुसरं वाक्य.

“छे,” काका म्हणाले. “नुसता भेटायला आलो.”

नाल्याच्या काठाने

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पूर्वेकडे निघालो. काकांनी दुभाषा म्हणून कचेरीतून रजा काढली होती. माझ्याकडे एक पत्र्याची पेटी, तिच्यात बर्फ आणि सहा तपकिरी काचेच्या बाटल्या. त्यांच्यावर मी आदल्या संध्याकाळी लेबलं चिकटवली होती. आमच्या नियमावलीत लिहिलंय की लेबल पेन्सिलीने लिहावं. पण पेन्सिलीचं अक्षर मला शाळेपासून गबाळं वाटतं. नन्सनी आठ वर्षं घालवून माझं अक्षर घडवलं होतं. मी फाउंटन पेन काढलं आणि निळ्या शाईत, वळणदार, सहा लेबलं लिहिली. मावशी म्हणाली, “पत्रिका आहेत का गं कुणाच्या मुंजीच्या?” मला फार बरं वाटलं.

शहर संपलं आणि पाणीच पाणी सुरू झालं. आकाश ठेवायला केलेल्या परातींसारखी एकामागे एक उथळ तळी, मध्ये मातीचे बांध, काठाला बांबूने अडवलेली जलपर्णी. इथे या तळ्यांना भेडी म्हणतात. एका अंगाने काळा नाला येतो. त्याचं वर्णन करत नाही, नाकाला रुमाल लावून बापूकाका मराठीत “अरे देवा” म्हणाले एवढं पुरे. माकडटोपीचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

भेडीवर आमची गाठ हाराधनशी पडली. सगळे त्याला हारूदा म्हणत. साठीचा, काटकुळा, गुडघ्यापर्यंत लुंगी खोचलेला. किती पाणी केव्हा आत घ्यायचं हे तो ठरवतो. बांबूच्या जाळीची एक मोरी आहे, ती उघडायची आणि बंद करायची, हे त्याचं काम. हे काम आमच्याकडे तीन यंत्रं आणि एक समिती करते.

“हे तो ठरवतो कसं?” मी काकांना विचारलं.

काकांनी विचारलं. हारूदा पाच मिनिटं बोलला. हात आभाळाकडे गेला, पाण्याकडे गेला, जिभेकडे गेला.

“बघून ठरवतो म्हणतो,” काका म्हणाले.

“एवढंच?”

“बाकी माशांच्या तब्येतीबद्दल होतं.”

मी हट्टाने सगळं वदवून घेतलं. ऊन असेल तर पाणी जास्त घ्यायचं, ढग असले तर कमी. उन्हात पाणी हिरवं होतं, ते हिरवं मासे खातात. लोभाने जास्त घेतलं तर पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात, कारण त्यांना अजीर्ण झालेलं असतं. पहाटे प्राणवायू सगळ्यांत कमी असतो हे मी एम.एस्सी.ला शिकले. हारूदाला ते रोहूने सांगितलं होतं.

मग हारूदाने मला विचारलं, आणि याचं काकांनी शब्दशः भाषांतर केलं: “दिदिमोनी, तुमच्या गावचं हे पाणी कुठे जातं?”

“समुद्रात.”

“सरळ?”

“सरळ.”

“म्हणजे मध्ये कुणीच जेवत नाही?”

मी मान हलवली. हारूदा माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, जणू आम्ही मुंबईकर पंगतीचं अन्न पानं मांडण्याआधीच उकिरड्यावर टाकतो. खरं म्हणजे आम्ही तेच करतो.

मोरी त्या सकाळी उघडली होती. पुन्हा तीन दिवसांनी उघडणार होती, आणि माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. मी एकामागून एक बाटल्या भरल्या: एक नंबर नाल्याची, दोन नंबर पहिल्या तळ्याच्या मोरीपाशी, तीन, चार, पाच पुढच्या तळ्यांतून क्रमाने, आणि सहा नंबर शेवटच्या तळ्यातून बाहेर पडून नदीकडे, तिथून बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या पाण्याची. एकदा होडीत तोल गेला आणि चप्पल पाण्यात गेली. हारूदाने ती जाळ्याने काढली आणि मासा देतात तशी दोन्ही हातांनी दिली. निघताना त्याने एक ताजा रोहूही दिला, काकांना. काका शब्दाविना उभे राहिले. माणूस निःशब्द झाला की कसा दिसतो ते मला बाहेरून पहिल्यांदाच बघायला मिळालं.

चहाच्या टपरीवर

बसला वेळ होता. मी मातीच्या कुल्हडातून चहा खात होते. हो, खात होते, एव्हाना मीही बाटले होते. काका पेटीशी काहीतरी खुडबुड करत होते.

“काय करताय काका?”

“काही नाही. रोहूला जरा गार ठेवतो. ऊन चढतंय.”

मी उठून पाहिलं. पेटीत बर्फाच्या मधोमध रोहू झोपला होता, एखाद्या जमीनदारासारखा. माझ्या सहा बाटल्या त्याच्या आजूबाजूला वितळलेल्या पाण्यात लोळत होत्या. आणि त्या पाण्याला सुरेख निळा रंग आला होता. सहा लेबलं सुटून लगदा झाली होती. एकावर फक्त माझ्या इंग्रजी ‘एस’चा वरचा वळसा शिल्लक होता. नन्सना अभिमान वाटला असता.

“अगं, मासा नासला असता!” काका म्हणाले. “पाणी कुठे नासतं?”

अमोनियाचं पाणी नासतं, काका. बर्फ त्याच्यासाठीच आणला होता, काका. आणि शाईने लिहू नये हे मला माहीत होतं, काका. यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. मला देशमुख दिसले, गाल सुजलेले, आणि त्या गालांसकट हसणारे. मग त्या दोघी दिसल्या, भांडी धुताना. पुढची दहा वर्षं भांडी धुताना.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते काकांनी पाहिलं आणि ते घाबरले. पेटी उचलून मला म्हणाले, “चल.”

“कुठे?”

“हारूदाकडे. ज्याला रोहू बोलतो त्याला बाटल्या बोलतील.”

मला हे हास्यास्पद वाटलं. पण मोरी एव्हाना बंद झाली होती, ते वाहतं पाणी पुन्हा भरून घेता येणार नव्हतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

हारूदाने ऐकून घेतलं, बाटल्या बांधावर ओळीने लावल्या आणि उकिडवा बसला. एक नंबर तर झाकण उघडताच सगळ्यांनी ओळखली. दोन नंबर त्याने नुसत्या वासावर बाजूला काढली. राहिल्या चार. त्यांना फारसा वास नव्हता आणि काच तपकिरी असल्यामुळे रंग कळत नव्हता. हारूदाने तळहातावर थेंब घेतला, जिभेला लावला, विचार केला, थुंकला. पुढची बाटली. पुन्हा तसंच. मग त्याने चारही क्रमाने मांडल्या.

मी मनातून विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. माझा विश्वास बसला नाही. मी बाटल्यांच्या बुडाला कागदाचे कपटे चिकटवून खुणा केल्या, या वेळी पेन्सिलीने. काकांना म्हटलं, झोपडीमागे जाऊन त्या चार उलटसुलट करून आणा. हारूदाने पुन्हा तोच क्रम लावला. पुन्हा उलटसुलट. पुन्हा तोच. तिसऱ्यांदा काका निघाले तेव्हा हारूदा काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, माझ्यावर विश्वास नसेल तर दिदिमोनींनी स्वतः खाऊन बघावं.”

तिथे दोन-तीन कोळी आणि एक म्हातारी जमली होती. ते सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात मी कधी चारचौघांत जीभ बाहेर काढली नव्हती. शाळेत जांभई आली तरी आम्ही ती रुमालात गुंडाळत असू. मी तळहातावर तीन नंबरचा थेंब घेतला. डोळे मिटले. जिभेला लावला.

जिभेला टोचलं, आणि घशाच्या मागे काहीतरी उग्र उभं राहिलं.

“थुंक!” काका ओरडले. “अगं थुंक!”

मी सभ्यपणे थुंकायला गेले. सभ्यपणे थुंकता येत नाही. ते हनुवटीवर आलं. म्हातारी पदरात तोंड घालून हसली, मग पुढे होऊन तिने मला कसं थुंकायचं ते करून दाखवलं, दूर, जोरात, तिरकं. शिकून मी हातपंपाच्या पाण्याने चूळ भरली. मग चार नंबर. टोचणं कमी. पाच नंबर, नुसतं हिरवट, फिकं. सहा नंबर.

मी थांबले. पुन्हा एक थेंब घेतला.

हारूदा हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते.

मी माझ्या वहीत क्रम लिहिला, वेळ लिहिली, खाली हारूदाचा अंगठा घेतला. काकांनी साक्षीदार म्हणून सही केली, बंगालीत.

तिथून तडक एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो, तिची परवानगी त्या दुपारपुरतीच होती. पोचलो आणि वीज गेली. तिथले प्राध्यापक म्हणाले, “लोडशेडिंग. आपण बसा, चहा खा.” पण अमोनिया तपासायला वीज लागतेच असं नाही. नळ्यांत पाणी घ्यायचं, औषध घालायचं आणि खिडकीच्या उजेडात रंग बघायचा. अमोनिया जास्त असेल तर गडद तपकिरी, कमी असेल तर पिवळसर. मी सहा नळ्या हारूदाने लावलेल्या क्रमाने उभ्या केल्या. पहिली काढ्यासारखी तपकिरी. मग प्रत्येक नळी आधीच्या नळीपेक्षा फिकी, जिना उतरावा तशी. सहावी जवळजवळ कोरी. काकांनी वाकून नळ्या पाहिल्या आणि माकडटोपी काढली.

संध्याकाळी गॅलरीतल्या शेगडीवर रोहू शिजला. मोहरीच्या तेलात, हळद, हिरवी मिरची. तो काय खाऊन वाढला ते मला आता नेमकं माहीत होतं. मी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला.

“बघा बाई तुमचं,” दाराआडून मावशी म्हणाली. “मला बापडीला माझा फ्लॉवरचा रस्सा बरा. इथल्यासारखा फ्लॉवर पुण्यात बघायला नाही मिळायचा. केवढा तो गड्डा!”

तो फ्लॉवर भेडीच्या शेजारच्या मळ्यांत, त्याच नाल्याच्या पाण्यावर पोसलेला असतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. आम्ही दोघांनी मावशीकडून आणखी एक वाटी रस्सा मागून घेतला. गप्प राहण्याचेही काही फायदे असतात.

मुंबई

अहवाल मी आठ दिवसांत दिला. लेबलं धुतली गेली हेही लिहिलं, खोटं लिहवलं नाही. फक्त पुढे लिहिलं: “त्यानंतर नमुन्यांची ओळख स्थानिक पद्धतीने निश्चित करण्यात आली.” हे वाक्य मला फार आवडलं होतं. त्यात कुणाची जीभ दिसत नव्हती.

बैठकीला सगळे होते. देशमुख बरे होऊन आले होते. त्या दोघी मागे भिंतीशी उभ्या होत्या.

साहेबांनी अहवाल चाळला. “आकडे सुंदर आहेत,” ते म्हणाले. मी श्वास सोडला. “फारच सुंदर आहेत. लेबलं गेली होती म्हणता. मग सहा आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावून ठेवले की झाली तळ्यांची करामत! हे तर कुणीही करील, मिस कर्णिक.”

प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

“होतं असं, साहेब,” देशमुख उदारपणे म्हणाले. “मी म्हणतच होतो, मी बरा होईपर्यंत थांबा म्हणून.”

“हे ‘स्थानिक पद्धतीने’ म्हणजे काय?” साहेबांनी बोट ठेवलं. “कुठलं उपकरण? तपासणीच्या आधी की नंतर?”

वही माझ्या मांडीवर होती. त्यात वेळ होती, अंगठा होता, काकांची बंगाली सही होती. नुसती वही पुढे सरकवता आली असती. पण ती वाचून कुणालाच काही कळलं नसतं, आणि मग देशमुखांनी समजावून सांगितलं असतं. मागे भिंतीशी कुणीतरी चुळबुळलं. मला एकाएकी ती म्हातारी आठवली: दूर, जोरात, तिरकं.

मी उभी राहिले.

“तपासणीच्या आधी, सर. चव घेऊन. आधी हारूदांनी घेतली, त्यांच्यावर माझा विश्वास बसला नाही म्हणून मग मी घेतली. तीन नंबर टोचतं, चार कमी टोचतं, पाच फिकं आहे,” मी म्हणाले, आणि माझा आवाज भिंतीपर्यंत गेला, “आणि सहा नंबर गोड लागतं.”